ड्राय-वेट सिग्नलला कोरडा-ओला म्हणावं का?

तारकरी (छत्रपती संभाजीनगर)
गिटार शिकणाऱ्या पोरांसाठी मराठीत टिपणं लिहायलोय. तीन कॅबिनेटच्या (स्पीकरच्या खोक्यांच्या) मांडणीपाशी अडलोय. ड्राय म्हणजे इफेक्ट न लावलेला मूळ आवाज, वेट म्हणजे इफेक्टचा. मधलं कॅबिनेट ड्राय: गिटार, अँप, स्पीकर, बस्स. त्याच अँपच्या स्पीकर आउटवरून लाइन लेव्हलला (कमी ताकदीवर) उतरवलेला सिग्नल डिले (आवाज उशिरानं परत आणणारा) आणि रिव्हर्बमधून (आवाज घुमवणारा) जातो, मग वेगळ्या स्टिरिओ पॉवर अँपमधून डाव्या-उजव्या कॅबिनेटला. गिटारवादक एडी व्हॅन हेलन अशाच तीन वाटांनी वाजवायचा. बाजूच्या कॅबिनेटमधून मूळ आवाज अजिबात यायला नको, नुसता इफेक्ट.

मी लिहिलं, "बाजूच्या वाटेवर मिक्स पूर्ण ओला ठेवा." मिक्स म्हणजे मूळ आवाज आणि इफेक्टचं प्रमाण ठरवणारा नॉब. लातूरच्या एका पोरानं तो निम्म्यावर ठेवला. मूळ आवाज डिजिटल युनिटमधून जरासा उशिरा निघाला, मधल्या आवाजात मिसळला आणि सगळंच पोकळ वाजायला लागलं. नुसत्या 1 मिलिसेकंदाच्या उशिरानं 500 हर्ट्झ, 1500 हर्ट्झ अशा जागी आवाज एकमेकांना खातात. पोराचं म्हणणं ऐका: "सर, ओलं फडकं पिळायच्या आधीबी फडकंच असतंय की. ओल्या आवाजात मूळ आवाज राहणारच." मला उत्तर सुचलं नाही. शब्द चुकला का माझा?

भाषाप्रेमी_जालना
चुकलाच. इंग्रजीची सावली धरून चाललात. शुष्क आणि आर्द्र म्हणा, नाहीतर मूळ नाद आणि अनुनाद. सिग्नललाही संकेत हा शब्द आहे.

गोदाकाठ (नांदेड)
शुष्क-आर्द्र हवामानाच्या बातमीत ठीक. अनुनाद तर रेझोनन्सलाही वापरतात, तो डिलेला लावला की पोरगं गोंधळलंच. आणि संकेत म्हणजे खूण. तारेतून जातो तो सिग्नलच राहू द्या.

हलगीवाला (परभणी)
मला ओला शब्दच खटकायलाय. आमच्या घरी हलगी. पावसाळ्यात कातडं सादळलं की आवाज बसतो, मग जाळावर शेकायची, बोटानं टिचकी मारून बघायची, टण्ण बोलली की खांद्याला. आमच्यात कोरडा आवाज म्हणजे चांगला आवाज. तुमच्या टिपणात ओला हा काहीतरी भर घालणारा, आमच्यात तो वाद्य बिघडवणारा.

गोदाकाठ (नांदेड)
पण पखवाजाच्या धुमेला (डाव्या तोंडाला) ओली कणीक लावल्याशिवाय भजन उभं राहत नाही. ओल सगळीकडं वाईट नसते. गवयाच्या आवाजात ओलावा आहे म्हणतो ते कौतुकच.

अंबाजोगाईची_लेक
कोरडाऐवजी कोरा चालेल का? दूध न घातलेला तो कोरा चहा, तसा काही न घातलेला कोरा आवाज. मला तर कोरा आणि कोरडा सख्खी भावंडं वाटतात.

तारकरी
कोरा ऐकायला गोड आहे. पण कोरी कॅसेट आठवा: तिच्यावर काहीच नसायचं. कोरा सिग्नल वाचून पोरं केबल तपासत बसतील.

भाषाप्रेमी_जालना
आणि भावंडं ती नुसत्या कानावरून ठरवू नका.

उस्मानाबादी (धाराशिव)
त्या लातूरच्या पोराचं बरोबर आहे, असं माझं मत. ओला हे विशेषण आहे, ते कशाला तरी चिकटणार: ओलं फडकं, ओली माती, ओला कचरा. वस्तू आत राहतेच. तुम्हाला वस्तू काढून नुसतं पाणी हवंय. त्याला आपल्याकडं नाम आहे, ओल. "बाजूच्या कॅबिनेटला नुसती ओल सोडा" असं लिहिलं असतं तर त्यानं नॉब निम्म्यावर थांबवलाच नसता. जमिनीत ओल किती खोल गेली, असं आपण विचारतोच. आणि पावसाची ओल खालच्या ओलीला भिडली की शेतकरी म्हणतो, ओलीला ओल गेली. तसे डावे-उजवे रिव्हर्ब मधल्या आवाजामागं जुळतात तेव्हाचं वर्णनच आहे ते.

तारकरी
हे पटलं. आज एका पोराला "नुसती ओल" म्हणून सांगून बघतो. मधल्या कोरड्याला न हलवता बाजूची ओल किती वाढवायची, त्याला वाफसा म्हणू का? ना चिखल, ना ढेकळं. रिव्हर्ब जास्त झाला की आवाजाचा चिखल झाला, असं आम्ही आधीच म्हणतो.

हलगीवाला (परभणी)
वाफसा नका हो ओढू. वाफसा आपोआप येतो, त्याची वाट बघावी लागते. तुमचं तर बोटानं फिरवायचं बटण.

गोदाकाठ (नांदेड)
वेरूळच्या 10 नंबरच्या लेण्यात एकदा आवाज टाकून बघा. दगडात पाण्याचा थेंब नाही, पण आवाज घुमून परत येतो तेव्हा ओला हाच शब्द सुचतो. मला तरी दुसरा सुचला नाही.

अंबाजोगाईची_लेक
आपल्याकडं कोरडा शब्दाची गंमत कुणी बोललंच नाही. "कोरड्यास काय केलंय?" असं विचारलं की समोर येते पातळ आमटी! आजी सांगायची, कोरड्या भाकरीस लावायला म्हणून कोरड्यास. म्हणजे ओल्या गोष्टीचं नाव कोरड्यावरून.

भाषाप्रेमी_जालना
हा मात्र अस्सल शब्द. आमच्या घरी सुक्या भाजीलाही कोरड्यास म्हणत.

उस्मानाबादी (धाराशिव)
सुक्या भाजीला? आमच्याकडं कुणी म्हणणार नाही. रस्सा पाहिजेच, भाकर बुडली पाहिजे.

हलगीवाला (परभणी)
आमच्यात वरणसुद्धा कोरड्यासच. पिठलं घट्ट असलं तरी.

अंबाजोगाईची_लेक
पिठल्याला आई कालवण म्हणायची, कोरड्यास कधीच नाही. बीडकडचं कुणी आहे का इथं? तुमच्याकडं काय म्हणतात?