मदत हवी आहे: जुन्या ओम्नीचे सबंध डिफरन्शियल बदलावे की फक्त क्राऊन-पिनियन?

घाटवाट (सातारा)
आमची जुनी ओम्नी केटरिंगच्या कामाला असते. पातेली, शेगड्या आणि वाढपी मंडळी घेऊन यवतेश्वरचा घाट चढताना मागच्या बाजूने सतत घुंईं असा आवाज येतो आणि पहिला गिअर टाकून क्लच सोडला की ‘खाड्’ असा ठोका बसतो. आमच्या मेकॅनिकच्या मते डिफरन्शियलमधली, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेटीतली, क्राऊन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी गेली आहे. नवी जोडी महाग पडते. जुन्या बाजारात सबंध डिफरन्शियल मिळते आहे, परंतु ते कोणत्या वर्षाच्या गाडीचे आहे हे विक्रेत्याला सांगता येत नाही. ईकोचे किंवा मारुती ८०० चे काही बसत असेल तर तेही चालेल. लग्नसराई तोंडावर आली असून गाडी उभी ठेवणे परवडणार नाही, तेव्हा नेमके काय घ्यावे हे कृपया लवकर सांगावे.

पाना_चौदा (कुपवाड, सांगली)
गाडी कोणत्या वर्षाची आहे? कार्ब्युरेटरची आहे की एमपीएफआय (इंजेक्शनची)? आवाज ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढतो, सोडल्यावर वाढतो, की दोन्ही वेळी सारखाच राहतो? डिफरन्शियलचे ऑइल शेवटचे कधी बदलले होते? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतच्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकांचे सांधे, कोणी हाताने हलवून पाहिले आहेत का? एवढे कळल्याशिवाय कोणता पार्ट घ्यावा हे सांगणे योग्य होणार नाही.

माणदेशी_चाक
जास्त विचार न करता जुने सबंध डिफरन्शियल घ्यावे. मी माझ्या गाडीला तसेच बसवले असून ती आजही माल वाहते. नवी क्राऊन-पिनियन जोडी सुटी बसवायची म्हणजे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) लावणे, बॅकलॅश (दातांमधला मोकळा खेळ) पाहणे, रंग लावून दातांचा ठसा तपासणे हे सगळे आले, आणि ते नीट करणारा कारागीर आता सहज मिळत नाही. कंपनीत एकदा जुळवलेले जसेच्या तसे बसवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

कृष्णाकाठ (वाई)
वरील मताशी मी सहमत नाही. कंपनीने जुळवलेले असले, तरी ते कोणत्या गाडीखाली किती घासले गेले आहे आणि त्याचे गुणोत्तर (चाकांच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे किती फेरे) काय आहे, हे बाहेरून दिसत नाही. गुणोत्तर वेगळे निघाले तर घाटातली ओढ बदलते, आणि ओम्नीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून येत असल्यामुळे काटाही चुकीचा वेग दाखवू लागतो.

गुणोत्तर काढणे अवघड नाही. स्वतःच्या गाडीचे एक मागचे चाक जॅकवर उचलावे, दुसरे जमिनीवरच राहू द्यावे, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावून हँडब्रेक सोडावा. शाफ्टवर खडूने रेघ ओढून उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे (दुसरे चाक थांबलेले असते, म्हणून एकाऐवजी दोन). तेवढ्यात शाफ्टचे जितके फेरे होतील तितके गुणोत्तर. बाहेर काढलेल्या डिफरन्शियलचे दात मोजता येतात. क्राऊनचे ४१ आणि पिनियनचे ८ भरले, तर ४१ ला ८ ने भागून ५.१२५ येतात. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय जुना माल घरी आणू नये.

मारुती ८०० चा विचार सोडून द्यावा. इंजिन ७९६ सीसीचेच असले तरी ती गाडी पुढच्या चाकांवर चालते, तिला मागे डिफरन्शियलच नाही. ईकोला मागे कॉइल स्प्रिंग आहेत आणि ओम्नीला पाटे (लीफ स्प्रिंग), त्यामुळे ईकोचे मागचे हाउसिंग (डिफरन्शियलचे कवच) सरळ बसत नाही. वेल्डिंग करून बसवून देतो असे कोणी सांगितले, तरी प्रवासी आणि ओझे वाहणाऱ्या गाडीखाली तसा प्रयोग करू नये.

घाटवाट (सातारा)
गाडी २००३ ची, एमपीएफआय, पेट्रोलवर चालणारी आहे. ऑइलची नोंद ठेवलेली नाही. आवाज ओढ असताना जास्त असतो. मेकॅनिकने गाडी चालवून पाहिली, खाली शिरून काही हलवले की नाही ते मला ठाऊक नाही. पैसे नेमके कशावर खर्च करावे एवढेच मला हवे आहे.

जुनी_पासिंग
गाडी २००३ ची म्हणजे पंधरा वर्षे केव्हाच उलटली आहेत. खाजगी नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि हरित करही भरावा लागतो. तो भरलेला आहे ना?

कृष्णाकाठ (वाई)
त्यांनी ते विचारलेले नाही. डिफरन्शियल बदलल्याने नोंदणी पुस्तकात काही बदलत नाही. कृपया दुरुस्तीवर बोलू या.

पाना_चौदा (कुपवाड, सांगली)
घाटवाट साहेब, आपल्या गाडीत दोन निरनिराळ्या तक्रारी असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ‘खाड्’ हा ठोका बहुतेक वेळा क्रॉसचा असतो, तर घुंईं हा आवाज दातांचा किंवा पिनियन बेअरिंगचा असतो. आवाज ओढीप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर दातांवर संशय घ्यावा, आणि ॲक्सिलरेटर कसाही असला तरी केवळ वेगाबरोबर वाढत असेल तर बेअरिंगवर.

गाडी सपाटीवर उभी करून चाकांना दगड लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि हँडब्रेक घट्ट ओढावा. मग एका हाताने शाफ्ट व दुसऱ्या हाताने योक (क्रॉसला धरणारा दुबेळका तुकडा) धरून उलटसुलट पिळावे. दोहोंच्या मध्ये जरासाही खेळ जाणवला तर तो क्रॉस संपलेला आहे. क्रॉसच्या टोप्यांभोवती गेरूसारखी तांबूस भुकटी दिसली, तर आतले ग्रीस सुकून बेअरिंगच्या सुया गंजल्या आहेत असे समजावे. त्यानंतर डिफरन्शियलचा फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडलेला असतो ती चकती) धरून वर-खाली हलवावा. तो गोल दिशेने किंचित फिरणे स्वाभाविक आहे, मात्र वर-खाली मुळीच हलता कामा नये. हलला तर पिनियन बेअरिंग गेले आहे.

शाफ्ट उतरवण्यापूर्वी शाफ्टच्या व डिफरन्शियलच्या अशा दोन्ही फ्लँजवर आरपार खूण करावी, म्हणजे तो होता त्याच जागी बसेल आणि बॅलन्स बिघडणार नाही. दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत आहेत हेही पाहावे. ते एकमेकांच्या पुढे-मागे झाले तर नवे क्रॉस घालूनही गाडी थरथरते. गिअरबॉक्सच्या बाजूने शाफ्ट सरकून बाहेर येताच ऑइल गळू लागते, म्हणून तेथे लगेच प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. नवा क्रॉस घ्यायला जाताना जुना सोबत न्यावा आणि टोपीचा व्यास व दोन टोप्यांमधील पूर्ण लांबी व्हर्नियरने दुकानातच ताडून पाहावी. फक्त ‘ओम्नीचा क्रॉस द्या’ म्हटल्यावर जो हातात पडतो, तो बसेलच असे नाही.

माणदेशी_चाक
क्रॉस मी आधीच गृहीत धरले होते. ऑइल मात्र गिअरबॉक्सचे आणि डिफरन्शियलचे एकच घातले तरी चालते, आम्ही वर्षानुवर्षे तसेच करतो.

कृष्णाकाठ (वाई)
तसे करू नये. डिफरन्शियलच्या हायपॉइड दातांमध्ये घसट फार असते, म्हणून तेथे जीएल-५ दर्जाचे, ८० डब्ल्यू ९० सारखे ऑइल लागते. त्यातील काही रसायने गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना अपायकारक ठरू शकतात, त्यामुळे गिअरबॉक्सला पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचेच घालावे. हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र) चिखलाने बुजला आहे का, तेही पाहावे. तो बुजला की आत दाब वाढून ऑइल सीलमधून बाहेर पडते आणि ब्रेकच्या शूवर उतरते. घाटात त्याचा परिणाम फार वाईट होऊ शकतो.

घाटवाट (सातारा)
आपण सांगितल्याप्रमाणे तपासणी करून घेतली. पुढच्या क्रॉसला चांगलाच खेळ होता आणि तांबूस भुकटीही होती. फ्लँज वर-खाली हलत नाही, पण पिनियनचे सील ओले आहे आणि ऑइलची पातळी फिलर प्लगच्या बरीच खाली होती. काढलेल्या ऑइलमध्ये राखाडी बारीक चिखल आहे, तुकडे किंवा चकत्या नाहीत. दोन्ही क्रॉस आणि ऑइल बदलल्यावर ठोका गेला, चढावरचा घुंईं आवाज थोडा उतरला आहे. सील बदलायचे तर पिनियनचा नट सोडावा लागेल असे मेकॅनिक म्हणतो. आता जोडी घ्यावी का?

पाना_चौदा (कुपवाड, सांगली)
तुकडे नसतील तर लगेच घेऊ नका. राखाडी बारीक चिखल ही नेहमीची झीज आहे. सीलसाठी नट सोडण्यापूर्वी नट, पिनियनचे टोक आणि फ्लँज या तिघांवर मिळून पंचाने खूण करावी आणि नट परत बरोबर त्याच खुणेपर्यंत आवळावा. ज्या रचनेत आत चेपला जाणारा स्पेसर (बेअरिंगांमधली नळी) असतो, तेथे नट जास्त आवळला गेला की बेअरिंगवर ताण येतो, आणि तो नट नुसता सैल करून दुरुस्त होत नाही. नवा स्पेसर घालावाच लागतो.

सराई संपेपर्यंत ओझे थोडे कमी ठेवावे, शक्य असल्यास मोठी पातेली वेगळ्या गाडीने पाठवावीत आणि ऑइलची पातळी अधूनमधून पाहत राहावी. आवाज पुन्हा वाढला किंवा ऑइलमध्ये चमकणारे तुकडे दिसले, तरच डिफरन्शियल उघडावे. त्या वेळी क्राऊन आणि पिनियन एकत्र जुळवलेली जोडीच घ्यावी, दोघांवरचे जुळणीचे क्रमांक एकच आहेत हे दुकानात पाहावे, आणि पिनियनची बेअरिंगे त्याच वेळी नवी घालावीत.