गेममधली हालचाल: घराघरानं की अखंड?

चौकटराजा: दोन-तीन जणांची टीम असेल तर हालचाल ग्रिडवर (चौकोनी घरांच्या जाळीवर), पूर्णांकांतच ठेवावी असं माझं ठाम मत आहे. पात्र (७, ४) या घरात आहे. पुढं भिंत आहे का, हे अ‍ॅरेतली (घरांच्या यादीतली) एक नोंद वाचून कळतं. रँडमचा सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) आणि खेळणाऱ्याचं इनपुट जपून ठेवलं की अख्खा खेळ जसाच्या तसा पुन्हा चालतो, त्यामुळे बग पकडणं सोपं. फ्लोटमध्ये (संगणकाच्या अंदाजे दशांश आकड्यांत, ६४ बिटी असले तरी) ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ सुद्धा होत नाहीत.

तरंगता_बिंदू: ०.३ चं रडगाणं जुनं झालं. फ्लोटची तुलना बरोबरच्या चिन्हानं करूच नये, विषय संपला. धावण्या-उड्या मारण्याच्या खेळात कंट्रोलरची स्टिक किती रेटली यालाच अर्थ असतो, ग्रिडवर तो मरतो. अखंड हालचाल 'बरोबर वाटत नाही' म्हणणाऱ्यांचा डेडझोन (मध्याजवळची स्टिकची हालचाल शून्य धरायचा भाग) बहुधा चुकलेला असतो. क्ष आणि य वेगवेगळे छाटले की स्टिक अक्षांना चिकटल्यासारखी वागते. क्ष-य मिळून होणाऱ्या व्हेक्टरची लांबी काढा. ०.२ च्या आत शून्य, त्यापुढं (लांबी − ०.२) ÷ ०.८, आणि १ च्या वर जाऊ देऊ नका. कीबोर्डवरही दिशा नॉर्मलाइझ केली (तिची लांबी १ केली) नाही तर तिरकं चालणं १.४१ पट वेगानं होतं.

चौकटराजा: डेडझोन मान्य. टक्कर कशी पकडणार? गणिताचे सेकंदाला ६० टप्पे आणि गोळीचा वेग सेकंदाला ९० मीटर, म्हणजे दर टप्प्याला दीड मीटर. ३० सेंटिमीटरची भिंत ती सहज ओलांडते. मग मागच्या जागेपासून नव्या जागेपर्यंतची रेघ तपासा, म्हणजे आणखी कोड.

टिकटिक: तुम्ही दोघंही फक्त जागेबद्दल भांडताय. जागा अखंड असली तरी वेळ तुकड्यांतच लागतो. दर फ्रेमला (पडद्यावरच्या दर चित्राला) वेग ०.९८ नं गुणणारा कोड घ्या: सेकंदाला ६० फ्रेमला सेकंदाअखेर सुमारे ३० टक्के वेग उरतो, १४४ फ्रेमला जेमतेम ५. चांगला मॉनिटर घेतलेल्याचं पात्र लवकर थांबणार! गणित १/६० सेकंदाच्या ठरावीक टप्प्यानं चालवा, उरलेला वेळ साठवा, चित्र काढताना शेवटच्या दोन स्थितींमधली जागा काढा. साठ्याला ०.२५ सेकंदाची मर्यादा हवीच. नाहीतर मशीन एकदा मागं पडलं की टप्प्यांचा ढीग वाढतच जातो.

तरंगता_बिंदू: हे पटलं. नेटवर्कवर सगळ्यांकडे फक्त इनपुट पाठवायचं असेल तर तेवढ्यानं भागत नाही, कारण साइन-कोसाइनचे शेवटचे बिट प्लॅटफॉर्मप्रमाणे बदलू शकतात. तिथं १६.१६ फिक्स्ड पॉइंट (१६ बिट पूर्णांकाला, १६ अपूर्णांकाला) वापरावा. गुणाकाराचं मधलं उत्तर मात्र ६४ बिटांत.

चौकटराजा: १६.१६ म्हणजे १/६५५३६ चं घर असलेला ग्रिडच की! आलात आमच्यात.

तरंगता_बिंदू: एवढं बारीक घर खेळणाऱ्याला दिसत नाही, तुमचं दिसतं, आणि हातालाही जाणवतं.

टिकटिक: ते जाणवतं कारण ग्रिडवाले बहुतेक जण इनपुट फेकून देतात. पाऊल सरकण्याचं अ‍ॅनिमेशन ०.१५ सेकंद चालतं, तेवढ्यात दाबलेलं बटण वाया जातं. एक इनपुट साठवून पाऊल संपताच वापरा. दोन साठवू नका, बोट उचलल्यावरही पात्र एक घर जास्त जातं.