मदत हवी आहे: ज्याच्याशी जमलं नाही, त्याचीच गाडी घ्यावी का?

मंडळी, प्रश्न गाडीचाच आहे, पण आधीचा आठवडा सांगितल्याशिवाय तो नीट कळणार नाही. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्याची, वय 34. काम कॅलिब्रेशनचं. औषधांच्या आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत जायचं आणि त्यांचे वजनकाटे खरं बोलतात का ते तपासायचं. त्यासाठी प्रमाण वजनांची पेटी सोबत लागते. ही वजनं उघड्या हाताने धरत नाहीत, कारण बोटांचं तेल लागलं तरी फरक पडतो. हातमोजे नाहीतर चिमटा. आणि एवढ्या लाडाची पेटी मी तीन वर्षं एसटीत मांडीवर घेऊन खड्डे खातेय. मार्च 2023 पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आमच्या अकाउंट्सवाल्यांना मी एसटीनेच जावं असं मनापासून वाटतं. पण आता कंपनी गाडीसाठी किलोमीटरमागे पैसे द्यायला तयार झालीय, म्हणून गाडी घ्यायचीय.

गेला आठवडा असा: सोमवारी कुरकुंभ. मंगळवारी सुट्टी टाकून शोरूम. बुधवार-गुरुवार वाळूज, मुक्काम तिथेच. शुक्रवारी परस्पर नाशिक, सातपूरला एक काम आणि मग ती भेट.

शोरूमचं आधी उरकते. नवी वॅगन आर बघितली. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, म्हणून मोठ्या आशेने गेले होते. एक्स-शोरूम आकडा खरंच बरा वाटला. मग त्यावर 11 टक्के रोड टॅक्स, विमा, 'हँडलिंग', शिवाय मी न मागितलेलं ॲक्सेसरीजचं पॅकेज. विमा बाहेरून काढते म्हटलं तर सेल्समन म्हणाला, "मॅडम, मग डिलिव्हरीचं काही सांगता येत नाही." विमा कुठून काढायचा ते ग्राहकाने ठरवायचं, एवढं मला माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला वाकडेवाडीहून बस होती, वाद घालायचं त्राण नव्हतं. कोटेशन पर्समध्ये कोंबून बाहेर पडले.

आता तो. विवाहसंस्थेच्या ॲपवर ओळख झाली, चार महिने बोलत होतो. आधी पुण्यात होता, आता नोकरीनिमित्त नाशिकला. मी गाडी शोधतेय कळल्यापासून रोज संध्याकाळी फोन. मी शिरूर नाहीतर सुप्याजवळ कुठेतरी बसमध्ये, आणि तो टायरवरचा तारीख-कोड कसा वाचायचा ते समजावतोय. शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चार महिन्यांत आम्ही लग्नाबद्दल कमी आणि मायलेजबद्दल जास्त बोललो, हे आता लक्षात येतंय. तेव्हा मला ते फार गोड वाटत होतं.

शुक्रवारी गंगापूर रोडला मिसळ खायला भेटलो. मी वाळूजहून निघताना चांगला कुर्ता इस्त्री करून घेतला होता, तो पेटीखाली चुरगळला. असो. दुसरा पाव येईपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग म्हणाला, "घरून एक स्थळ आलंय. गेल्या रविवारी बघून आलो. जवळपास ठरल्यात जमा आहे. तुला फोनवर सांगणं बरं वाटेना." मी पापड मोडत बसले. दोन मिनिटं कोणीच बोललं नाही. आणि मग, देवाशपथ सांगते, म्हणाला, "पण माझी गाडी विकायचीय. मला कंपनीची मिळतेय. आलीच आहेस तर बघून जा."

आणि मी बघितली! राग यायला हवा होता, तो परतीच्या बसमध्ये सिन्नरच्या पुढे आला.

अडचण अशी की गाडी चांगली आहे. ऑगस्ट 2019 ची बलेनो, पेट्रोल, पहिलाच मालक, 41 हजार किलोमीटर, पासिंग एमएच-12 चं. सगळ्या सर्व्हिसिंगची बिलं फायलीत, तारखेप्रमाणे. कर्ज फिटलंय. सव्वापाच लाख म्हणतोय. या किमतीत मी पुण्यात चार गाड्या बघितल्या, एकीतही असं काही नव्हतं. आता विचारते:

वॅगन आर नवी, सहा एअरबॅग, पण रक्कम साडेसहा लाखांच्या पुढे. ही जुनी, दोनच एअरबॅग. माझं फिरणं सगळं हायवेवर. तुम्ही काय कराल?

2019 च्या पेट्रोल गाड्या ई20 साठी, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, बनवलेल्या नाहीत. ज्यांच्याकडे त्या वर्षाची बलेनो आहे त्यांनी मायलेज किती पडलं ते सांगा, ऐकीव नको.

तिसरा प्रश्न गाडीचा नाही. आईला तो माहीत आहे, बिनसलंय हे माहीत नाही. उद्या त्याची गाडी दारात उभी राहिली तर ती पेढे आणेल. काय सांगू?

अपडेट, बुधवार रात्र: सगळ्यांचे आभार. "लाज सोड, गाडी घे" आणि "स्वाभिमान आहे की नाही" अशा दोन पार्ट्या पडलेल्या दिसतायत. ज्यांनी नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, हे सांगितलं त्यांना विशेष धन्यवाद. मी तो हिशेबात धरून बसले होते.

आज तो कामासाठी पुण्यात आला होता, तेव्हा गाडी आमच्या मेकॅनिकला दाखवली. उजवं फेंडर रंगवलेलं निघालं. विचारलं तर तो लगेच म्हणाला, "हो, पार्किंगमध्ये घासलं होतं, सांगायचं राहिलं." इतर गोष्टींसारखंच. पाच लाखांवर आणलं, वर पुढचे दोन टायर त्याच्याकडून.

आईला सांगितलं. ती म्हणाली, किल्लीला लिंबू-मिरची बांध, नाव कोणाचं होतं ते विसर.

आता एकच विचारायचंय. गाडी नावावर करायला आरटीओचा फॉर्म 29 (गाडी विकल्याची सूचना) दोन प्रतींत, मग 30 (मालकी बदलाचा अर्ज), बँकेच्या ना-हरकत पत्रासोबत 35 (फिटलेल्या कर्जाची नोंद काढायला), आणि विमा 14 दिवसांत माझ्या नावावर. यात आणखी कुठे त्याची सही लागते का? असेल तर आताच सांगा, मला सगळ्या सह्या एकाच भेटीत उरकायच्यात.