रंगपंचमी: रहाडी राहू द्या, शॉवर बंद करा

गंगाकाठ: नाशिकला रंग धुळवडीला नसतो, रंगपंचमीला असतो. धुळवडीला आमच्याकडे दाजीबा वीराची मिरवणूक निघते. पंचमीला पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे दगडी हौद, आहेत आणि त्या सोडून चौकाचौकांत शॉवर नि डीजे लावायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत. यंदा तिवंधा चौकात उभा होतो. माती उपसली, फळ्या निघाल्या आणि वर्षभर ज्याच्यावरून गाड्या गेल्या तो दगडी हौद उघडा पडला. कढईत फुलं उकळत होती, वास पार गल्लीच्या टोकापर्यंत. पूजा झाली, पहिल्या गड्याने धप्पा मारला आणि पिवळं पाणी उसळून समोरच्या ओट्यावर गेलं. हे शॉवरखाली मिळतं का?

सिडकोकर: आणि पाणी? 25 फूट लांब-रुंद रहाडीत 5 फूट पाणी धरा. 3125 घनफूट, म्हणजे सुमारे 88 हजार लिटर. उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत टँकरची वाट बघतात माणसं. परंपरेच्या नावाखाली हे चालवून घ्यायचं आणि नावं फक्त शॉवरला ठेवायची, हे पटत नाही.

गंगाकाठ: हिशोब मान्य. पण रहाड एकदा भरली की त्याच पाण्यात दिवसभर माणसं उतरतात. शॉवरचं पाणी अंगावरून थेट गटारीत. टंचाईच्या साली नुसती पूजा करून फळ्या परत लावा, माझी हरकत नाही.

सिडकोकर: हे आधी लिहायला हवं होतं. तरी टंचाई कुणी ठरवायची? तुमच्या चौकाने?

जुनी तांबट लेन: पाण्याआधी जीव बघा. खालचा माणूस वर यायच्या आत वरून दुसरा उडी टाकतो. माझ्या भाच्याचा खांदा असाच निखळला. काठावर चार दांडगी पोरं उभी करा आणि एकेकालाच सोडा.

पंचवटीची सून: माझं माहेर शनी चौकातलं. भाऊ दोन दिवस गुलाबी कानांनी फिरायचा, मी मात्र गच्चीतून बघायचे. दर वर्षी. ‘आपली रहाड’ म्हणताना त्यात आम्ही कुठे असतो? सकाळचे दोन तास बायकांसाठी ठेवा, मग मीही शॉवरविरुद्ध सही करते.

गंगाकाठ: ताई, माझी बहीणही गच्चीतच असायची. मी कधी विचारलंही नाही तिला. चौकाच्या बैठकीत हा विषय मी मांडतो. तुम्ही याल का?

पंचवटीची सून: येते. आईलाही आणते.