मदत हवी आहे: जॉन वेनच्या मागे घोड्यावर असणारा तो नट कोण?

अर्धा_तिकीट

नमस्कार मंडळी. इथे जॉन वेन वगैरे हिरोंच्या जुन्या काउबॉयपटांचे दर्दी आहेत असं दिसतं, म्हणून हा धागा काढतोय. मला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नाही. प्रश्न बाबांचा आहे.

बाबा आता ऐंशी पार आहेत. साठच्या दशकात नोकरीसाठी मुंबईत आले, तेव्हा एका खोलीत सहाजण राहायचे. रविवारी खोलीत पाठ टेकायला जागा नसायची, म्हणून हे मॅटिनीला जाऊन बसायचे. जुने इंग्रजी चित्रपट तिथे फिरून फिरून लागत. इंग्रजी यथातथाच. पण आमचे आजोबा मिरजेला टांगा चालवायचे, त्यामुळे बाबा पडद्यावरच्या माणसांपेक्षा घोडेच जास्त बघत.

तर त्यांच्या डोक्यात एक नट अडकून बसलाय आणि नाव आठवत नाही. हिरो नाही. उंच, सडपातळ, बोलणं कमी. एका चित्रपटात दोन घोड्यांच्या पाठीवर एकेक पाय ठेवून उभा राहतो आणि घोडे पळवतो. दुसऱ्या एकात दारूच्या गुत्त्यात हिरोला डिवचतो, त्याच्याकडून मार खातो आणि शेवटी त्यालाच सावध करायला येतो. मी मोबाइलवर चार-पाच फोटो दाखवले. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "हा नाही रे. ह्याची मांड बघ, पोत्यासारखा बसलाय."

नाव कळलं तर उपकार होतील. शिवाय त्याचे कुठले चित्रपट बाबांना दाखवावेत तेही सांगा. एका बैठकीत तासाभराच्या वर त्यांना झेपत नाही.

खेकटं

मॅकेनाज गोल्ड! ओमर शरीफ!

अर्धा_तिकीट

आमच्या घरात प्रत्येकाने आधी हेच उत्तर दिलं. :) तो बाबांनी तीनदा पाहिलाय, त्यातला नाही. आणि ओमर शरीफ कुणाच्या मागे कधी असतो?

तिसरी_घंटा

वॉल्टर ब्रेनन बघा. सहायक अभिनेत्याची तीन ऑस्कर मिळवलीत त्याने (१९३६, १९३८ आणि १९४० च्या चित्रपटांसाठी). 'रिओ ब्राव्हो'मध्ये जॉन वेनच्या कायम मागे असतो. नाहीतर वॉर्ड बाँड, तोही त्याच गोतावळ्यातला.

अर्धा_तिकीट

दोघांचे फोटो दाखवले. ब्रेननला पाहून म्हणाले, "हा लंगडा कटकट्या म्हातारा, हा मला माहीत आहे." बाँडला पाहून म्हणाले, "एवढ्या देहाचा माणूस दोन घोड्यांवर उभा राहिला तर घोड्यांनी काय करायचं?"

रानघोडा

तुमचे बाबा भारी आहेत. दोन घोड्यांवर उभा राहणारा आणि गुत्त्यात मार खाणारा, दोन्ही एकच: बेन जॉन्सन. पहिला चित्रपट 'रिओ ग्रांदे' (१९५०), दुसरा 'शेन' (१९५३). 'शेन'मध्ये त्याचं नाव ख्रिस कॅलोवे. गुंडांच्या टोळीतला असून शेवटी मन पालटतं ते ह्या एकट्याचंच.

मांडीबद्दल बाबा म्हणाले ते शंभर टक्के बरोबर, आणि त्याला कारण आहे. बाकीचे नट होते आणि घोड्यावर बसायला शिकले. हा मुळात घोडेवाला, नट झाला तो अपघाताने. जन्म १९१८, ओक्लाहोमातल्या ओसेज परगण्यात. वडील तिथल्या चॅपमन-बार्नार्ड रँचवर मुकादम होते आणि रोडिओचे (म्हणजे काउबॉयांच्या घोडेस्वारी आणि फास टाकण्याच्या स्पर्धांचे) नावाजलेले खेळाडूही. पोरगा तिथेच गुरांमागे वाढला. १९४० मध्ये निर्माता हॉवर्ड ह्यूजला त्याच्या चित्रपटासाठी घोडे हवे होते. त्याने ते ओक्लाहोमातून घेतले आणि पोचवायला हा बरोबर गेला. रँचवर रोजाला एक डॉलर मिळायचा, इथे पहिलाच चेक तीनशेचा. ह्यानंतर मला दंडुक्याने हाकललं असतं तरी मी परत गेलो नसतो, असं तो पुढे सांगायचा.

मग काही वर्षं घोडे सांभाळणं आणि मोठ्या नटांचा डुप्लिकेट म्हणून पडणं-झडणं. जॉन वेन, गॅरी कूपर, जेम्स स्ट्यूअर्ट... पडद्यावर पाठमोरे भरधाव जाणारे हे लोक पुष्कळदा बेन जॉन्सनच असायचे. म्हणजे बाबांनी त्याला नाव कळण्याच्या आधीही पाहिलेलं असणार!

'फोर्ट अपाचे'च्या (१९४८) चित्रीकरणात एका गाडीचे घोडे चौखूर उधळले, गाडीत तीन माणसं. हा हेन्री फोंडाचा डुप्लिकेट म्हणून घोड्यावर बसलेलाच होता. तसाच टाच मारून गेला आणि गाडी थांबवली. दिग्दर्शक जॉन फोर्डने ह्याचं बक्षीस मिळेल म्हणून सांगितलं. ह्याला वाटलं, आणखी एखादं डुप्लिकेटचं काम देईल. हातात पडला सात वर्षांचा करार. वाचत वाचत आठवड्याला पाच हजार डॉलर ह्या ओळीपाशी आला, पुढचं न वाचताच पेन मागितलं आणि सही ठोकली.

खेकटं

पण दोन घोड्यांवर उभा राहिलेला तोच होता कशावरून? तिथे ह्याचाही डुप्लिकेट असेल की.

रानघोडा

डुप्लिकेटला डुप्लिकेट? :) नाही, तोच होता. त्याला रोमन रायडिंग म्हणतात. त्या प्रसंगात तिघं आहेत: जॉन्सन, हॅरी कॅरी ज्युनियर आणि जॉन वेनच्या मुलाचं काम करणारा क्लॉड जार्मन ज्युनियर. तिघांनी सराव करून स्वतः केलंय. कॅमेरा लांब ठेवलाय, त्यामुळे चेहऱ्यापासून टापांपर्यंत सगळं एका चौकटीत दिसतं. जॉन्सनचे गुडघे बघा. दोन्ही घोड्यांचा झोका वेगळा असतो आणि तो गुडघ्यांतच जिरतो, कमरेच्या वर काही पोचतच नाही.

पडवी

मस्त धागा. एक शंका: इतका चांगला होता तर हिरो का नाही झाला?

रानघोडा

केलं होतं की हिरो. 'मायटी जो यंग' (१९४९) मध्ये राक्षसी गोरिलासमोर नायक तोच. 'वॅगन मास्टर' (१९५०) मध्ये तर एकही मोठा नट नाही, पुढे जॉन्सन आणि हॅरी कॅरी ज्युनियर. फोर्डच्या स्वतःच्या आवडत्या चित्रपटांत हा 'वॅगन मास्टर' होता. तिकीटबारीवर मात्र दोन्ही थंड.

त्यात 'रिओ ग्रांदे'च्या वेळी फोर्डशी वाजलं. फोर्ड सेटवर एखाद्याला बकरा करून सगळ्यांसमोर सोलायचा. एकदा जेवणाच्या टेबलावर जॉन्सनची पाळी आली. हा उठला, म्हाताऱ्याला काय सुनवायचं ते सुनावलं आणि चालता झाला. त्यानंतर फोर्डच्या चित्रपटात तो थेट १९६४ मध्ये दिसतो, 'शायेन ऑटम'मध्ये. आठवड्याला पाच हजार देणाऱ्यासमोरून असं उठायला काय लागतं, ते नोकरी केलेल्याला सांगायला नको.

मला सर्वांत आवडतो तो १९५३ सालचा बेन जॉन्सन. 'शेन' गाजतोय, लोक चेहरा ओळखायला लागलेत, आणि हा काम सोडून रोडिओच्या दौऱ्यावर. टीम रोपिंग म्हणजे दोन घोडेस्वार मिळून पळत्या गुराला फास टाकतात, एक शिंगांना, एक मागच्या पायांना. त्यात त्या वर्षीचा जगज्जेता झाला. वडील ज्या खेळात नाव कमावून होते त्यात आपलंही नाव लागलं पाहिजे, एवढंच. वर्षाअखेर हिशेब केला तर खिशात तीन डॉलरही नाहीत, हाती एक खिळखिळी मोटार आणि संतापलेली बायको. हेही तो स्वतःच हसत सांगायचा. मग मुकाट परत सिनेमात.

तिसरी_घंटा

माझा घोडा चुकीचा धावला हे मान्य. :) पण ऑस्कर ह्यालाही मिळालंय ना? 'द लास्ट पिक्चर शो'?

रानघोडा

हो, १९७२ मध्ये, सहायक अभिनेत्याचं. गंमत म्हणजे आयुष्यभर घोड्यावर बसलेल्या माणसाला ऑस्कर मिळालं ते जमिनीवर उभं राहून. त्यात घोडा नाही, फास नाही. टेक्सासमधलं मरायला टेकलेलं गाव, चित्रीकरण आर्चर सिटीत, सगळं कृष्णधवल. हा सॅम द लायन: गावातलं थिएटर, खाणावळ आणि बिलियर्ड्सचा अड्डा चालवणारा म्हातारा.

आधी त्याने नाही म्हटलं. संवाद फार, आणि शिव्या फार. तो पडद्यावर शिवी द्यायचा नाही, ह्याबाबत एकदम सोवळा. दिग्दर्शक पीटर बोग्डानोविच शेवटी कुणाकडे गेला? फोर्डकडे! ज्याच्याशी भांडण, त्याच म्हाताऱ्याने फोन करून गळ घातली. जन्मभर जॉन वेनच्या मागेच राहणार का, असा टोमणाही मारला म्हणतात. मग जॉन्सनने आपल्या संवादांतल्या शिव्या गाळून घेतल्या आणि काम केलं.

(ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद गाळा.) तळ्याकाठी बसून तो दोन पोरांना एका बाईची आठवण सांगतो. वीस वर्षांपूर्वी तिला इथे पोहायला आणलं होतं. हातवारे नाहीत, आवाज चढत नाही. कॅमेरा हळूहळू जवळ येतो आणि पुन्हा मागे जातो. सगळी मिळून त्याची भूमिका दहा मिनिटांच्या आसपास आणि त्याचा मृत्यू तर दाखवतही नाहीत, गावात नुसती बातमी येते. पुढचा सगळा चित्रपट मात्र त्याच्याशिवाय ओकाबोका वाटतो.

त्याचं स्वतःचं म्हणणं असं होतं की गावातला प्रत्येक जण माझ्यापेक्षा चांगला नट असेल, पण बेन जॉन्सनचं काम माझ्याइतकं कुणाला जमणार नाही. मला ह्यात नम्रता कमी आणि अचूक हिशेब जास्त दिसतो.

बाबांसाठी: सुरुवात 'शी वोअर अ यलो रिबन'पासून (१९४९). रंगीत, मॉन्युमेंट व्हॅलीतला, आणि सार्जंट टायरी म्हणून जॉन्सन त्यात मनसोक्त घोडा पळवतो. मग 'रिओ ग्रांदे'. त्यात गाणी बरीच आहेत, ती बाबा पुढे ढकलतील तर ढकलू द्या. 'वॅगन मास्टर' दीड तासाच्या आत आटोपतो. 'वाइल्ड बंच' (१९६९) त्यांच्या तब्येतीला सोसेल का ते बघा, रक्त फार आहे. 'लास्ट पिक्चर शो' बाबांनी नको, तुम्ही बघा.

पडवी

एक आपलं म्हणून: ह्या घोडदळाच्या चित्रपटांत मूळ रहिवासी बहुतेक वेळा घोड्यावरून पडण्यापुरतेच असतात. लहानपणी कळत नव्हतं, आता खटकतं.

रानघोडा

खटकायलाच हवं. मलाही खटकतं, आणि तरी मी बघतो.

अर्धा_तिकीट

मंडळी, दंडवत! फोटो दाखवला. पहिले दोन सेकंद काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हाच. नाव काय म्हणालास? बेन? असू दे."

काल 'यलो रिबन' लावला. तासाभरात उठतील म्हणून मी तयारीत होतो, पण शेवटपर्यंत बसले, चहा गार झाला. पाठलागात तो दरीवरून घोडा उडी मारून नेतो ते चार वेळा मागे घेऊन पाहिलं. जॉन वेन बोलत असला की पेपर वाचत होते.

तो कधी वारला हेही विचारलं. १९९६, मेसा, ॲरिझोना, वय ७७, हे शोधून सांगितलं. "आजोबांच्या एवढाच की," म्हणाले.

आता शेवटचा त्रास देतो. बाबा सकाळपासून मागे लागलेत: त्या तांबूस घोड्याचं नाव काय? मी म्हटलं, घोड्याचं नाव कोण लिहून ठेवतं? तर म्हणाले, "टांगेवाल्याला विचार."

रानघोडा

लिहून ठेवलंय! घोड्याचं नाव स्टील. हॉलिवूडला घोडे भाड्याने देणाऱ्या फॅट जोन्सच्या तबेल्यातला. जॉन वेननेही तो चित्रपटात वापरलाय.

आणि हे बाबांना जरूर सांगा: फॅट जोन्स म्हणजे बेन जॉन्सनचे सासरे. १९४१ मध्ये त्यांच्या मुलीशी, कॅरलशी, त्याचं लग्न झालं होतं. १९५३ च्या हिशेबातली संतापलेली बायको ती हीच.

अर्धा_तिकीट

सांगितलं. "म्हणजे घोडा घरचाच," म्हणाले आणि 'रिओ ग्रांदे' लाव म्हणून मागे लागलेत.