१९३२ च्या फोर्ड हॉट रॉडचा डॅशबोर्ड : रूप जुने ठेवायचे, पण काटे खरे बोलायला हवेत

बत्तीसचा_रोडस्टर

नमस्कार. माझ्याकडे १९३२ सालच्या फोर्ड रोडस्टरवर (छत नसलेल्या उघड्या गाडीवर) बांधलेली एक हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीत ताकदवान इंजिन बसवून केलेली गाडी, आहे. मूळचे फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन केव्हाच निघून गेले असून त्याच्या जागी शेव्हरोलेचे ३५० घनइंची इंजिन, टर्बो ३५० गिअरबॉक्स आणि ६० अँपिअरचा आल्टरनेटर आहे. मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ३.७० आणि मागच्या टायरचा व्यास २८ इंच आहे. वायरिंग १२ व्होल्टचे असून बॅटरीचे ऋण टोक चेसिसला जोडलेले आहे.

आधीच्या मालकाने डॅशबोर्डवर अ‍ॅल्युमिनियमची सपाट पट्टी ठोकून तीत सहा मीटर बसवले आहेत, आणि ते सहाही वेगवेगळ्या घरांतून आलेल्या पाहुण्यांसारखे दिसतात. कोणाची काच फुगीर, कोणाची सपाट. कोणाची तबकडी काळी, कोणाची पांढरी. मला ती पट्टी काढून मूळ गाडीसारखे लंबवर्तुळाकार पॅनेल बसवायचे आहे आणि सर्व मीटर एकाच काळातले वाटावेत अशी इच्छा आहे.

त्याआधी काही दोष समजून घ्यायचे आहेत. टाकी कोरडी पडली तरी इंधनाचा काटा अर्ध्याच्या खाली उतरत नाही. हेडलाइट लावले की इंधनाचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदम सरकतात. वेगाचा काटा प्रत्यक्ष वेगापेक्षा बराच जास्त दाखवतो. अँमीटर (विजेचा प्रवाह मोजणारा मीटर) ३०-०-३० चा, म्हणजे दोन्ही बाजूंना ३० अँपिअरपर्यंत दाखवणारा आहे, तो तसाच ठेवावा का? तेलाच्या दाबाचा मीटर नळीचा घ्यावा की विजेवरचा? शिवाय माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विमानातला एक तापमान मीटर आहे. त्याचे आकडे पिवळट-तपकिरी झाले आहेत. तो उघडून आकडे नव्याने रंगवावेत आणि डॅशबोर्डवर लावावा, असा विचार आहे.

तारांचा_गुंता

आपण दोष नेमके लिहिले आहेत, त्यामुळे निम्मे निदान येथे बसूनच करता येते.

इंधनाचा मीटर बहुधा बिघडलेला नाही. टाकीतला सेंडर (इंधनाच्या पातळीप्रमाणे आपला रोध बदलून मीटरला कळवणारा भाग) आणि डॅशवरचा मीटर एकमेकांची भाषा बोलत नाहीत, एवढेच. फोर्डच्या जुन्या पद्धतीच्या सेंडरचा रोध टाकी रिकामी असताना सुमारे ७३ ओहम आणि भरलेली असताना सुमारे १० ओहम असतो. बाजारात मिळणारे बहुतेक सर्वसाधारण मीटर मात्र २४० ओहमला रिकामे आणि ३३ ओहमला भरलेले असे दाखवतात. अशा मीटरला ७३ ओहमचा सेंडर जोडला, तर रिकामी टाकीसुद्धा त्याला अर्ध्याहून अधिक भरलेलीच वाटणार. शेव्हरोलेच्या १९६५ नंतरच्या गाड्यांत हाच प्रकार उलट दिशेने, म्हणजे शून्य ओहमला रिकामे आणि ९० ओहमला भरलेले असा चालतो. सेंडरची तार सोडवून मल्टिमीटरने टाकी रिकामी असताना एकदा आणि भरलेली असताना एकदा रोध मोजावा. जे आकडे येतील त्यांच्याशी जुळणारा मीटर घ्यावा, किंवा मीटर आवडीचा असेल तर त्याच्याशी जुळणारा सेंडर टाकीत बसवावा. मी दुसरा मार्ग निवडेन, कारण सेंडर कोणाला दिसत नाही आणि मीटर रोज दिसतो.

हेडलाइट लावल्यावर दोन काटे एकत्र सरकणे ही अर्थिंग कमकुवत असल्याची खूण आहे. मीटर रंगवलेल्या पट्टीत बसवलेले असतात, पट्टी रंगवलेल्या डॅशवर असते, आणि विजेला परतीची वाट शोधावी लागते. प्रत्येक मीटरच्या अर्थिंगच्या खिळीवरून एक तार पुढच्या मीटरकडे, अशी साखळी करून शेवटी एक जाड तार थेट चेसिसवर घासून स्वच्छ केलेल्या जागी आणावी. बॉडी फायबरग्लासची असेल तर याला पर्यायच नाही. तापमानाचा सेंडर बसवताना आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी भरमसाट गुंडाळू नये. हा सेंडर आपले अर्थिंग त्याच आट्यांतून घेतो आणि पट्टीमुळे मध्ये आलेला रोध काट्याच्या चुकीत दिसतो.

अँमीटरबाबत माझे मत स्पष्ट आहे : तो काढावा. जनरेटरच्या काळात तो ठीक होता. येथे ६० अँपिअरचा आल्टरनेटर आहे आणि चार्जिंगचा सगळा प्रवाह डॅशमागच्या दोन नटांमधून जातो. बॅटरी उतरलेली असताना काटा टोकाला जाऊन आपटेल, आणि एखादा नट सैल असेल तर तेथे उष्णता निर्माण होईल. व्होल्टमीटर लावला की बंद गाडीत सुमारे १२.६ आणि चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. त्यातून बॅटरी आणि आल्टरनेटर दोघांचीही प्रकृती कळते.

तेलाच्या दाबासाठी नळीचा मीटर विश्वासार्ह असतो, परंतु त्याबरोबर गरम तेल आपल्या गुडघ्यांपर्यंत येते हे लक्षात ठेवावे. तांब्याची नळी कंपनाने कडक होत जाते आणि शेवटी तडकते. म्हणून इंजिनाजवळ तिला दोन-तीन सैल वेटोळी द्यावीत. नायलॉनची नळी असेल तर तिला एक्झॉस्टपासून दूर ठेवावे. तापमानाच्या नळीच्या मीटरची बारीक नळी कधीही कापू नये. तिच्यात ईथर भरलेले असते आणि कापताक्षणी मीटर निकामी होतो. उरलेली लांबी गुंडाळून डॅशमागे बांधावी.

दाते_मोजणारा

मी फक्त वेगाच्या काट्याविषयी लिहितो, कारण लोक येथे मीटरला दोष देतात आणि खोट गिअरबॉक्सच्या शेपटीत असते.

केबलवर चालणाऱ्या अमेरिकन मीटरसाठी केबल एका मैलात १००० वेळा फिरली पाहिजे. २८ इंचांचे टायर एका मैलात सुमारे ७२० फेरे घेते; त्याला अ‍ॅक्सलच्या ३.७० ने गुणले की प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचे) फेरे २६६५ होतात. गिअरबॉक्समधले चालक चक्र (शाफ्टबरोबर फिरणारे) ८ दात्यांचे आहे असे धरले, तर चालित चक्राला (केबल फिरवणाऱ्या) २१.३ दाते हवेत. अर्धवट दाता कोणी बनवत नाही, म्हणून २१ चे चक्र घ्यावे. त्याने केबल १०१५ वेळा फिरेल आणि मीटर दीड टक्का जास्त दाखवेल. २२ चे घेतल्यास तो तीन टक्के कमी दाखवेल, आणि कमी दाखवणारा मीटर दंडाची पावती मिळवून देतो. आपल्या गाडीत सध्या बहुधा १८ किंवा १९ दात्यांचे चक्र असावे. शेपटीचा बोल्ट काढून दाते मोजावेत, अंदाज करू नये.

टायरचा व्यास मात्र कंपनीच्या तक्त्यातून घेऊ नये. गाडीच्या वजनाने टायर थोडे दबते. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून गाडी सरळ रेषेत चाकाच्या दहा फेऱ्यांइतकी ढकलावी आणि अंतर टेपने मोजावे. माझ्या स्वतःच्या गाडीत या एका मोजणीने एका दात्याचा फरक पडला होता.

जुन्या तबकडीमागे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवून घेण्याचा विचार असेल तर ओडोमीटरकडे, म्हणजे गाडीने कापलेले एकूण अंतर दाखवणाऱ्या आकड्यांकडे, लक्ष द्यावे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार दुरुस्तीनंतर जुना आकडा तसाच ठेवता येत नसेल, तर ओडोमीटर शून्यावर आणावा लागतो आणि आधीचा आकडा व तारीख लिहिलेली सूचना डाव्या दाराच्या चौकटीवर लावावी लागते. गाडी कितीही जुनी असली तरी मनाला येईल तो आकडा फिरवून ठेवणे गुन्हाच आहे.

जुना_धातू

आधी तो विमानातला मीटर. कृपया तो उघडू नये. त्या काळात अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग वापरला जात असे, आणि आकडे पिवळट-तपकिरी होणे ही त्याचीच नेहमीची खूण आहे. चमक गेली म्हणजे रेडियम गेले असे नाही. चमकणारे झिंक सल्फाइड थकते, पण रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. काच शाबूत असताना धोका मर्यादित असतो. खरवडताना उडणारी धूळ श्वासातून शरीरात गेली तर मात्र ती हाडांत जाऊन बसते. युद्धानंतर स्वस्तात मिळणारे असे मीटर हॉट रॉडवाल्यांनी खूप वापरले, त्यामुळे आपली कल्पना काळाला धरून आहे हे खरे. तरीही मी तो डॅशवर लावणार नाही.

आता पॅनेल. १९३२ च्या फोर्डमध्ये लंबवर्तुळात तीनच मीटर होते : वेग, अँपिअर आणि इंधन. कॅलिफोर्नियातील म्युरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या सरोवरांच्या तळांवर शर्यती लावणाऱ्यांना तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान कळणे आवश्यक होते, म्हणून जास्तीचे मीटर आले. स्ट्युअर्ट-वॉर्नरचे फुगीर काचेचे काळे मीटर आणि ऑबर्न गाडीतून काढलेले पॅनेल या गोष्टी त्या गरजेतून पुढे फॅशन झाल्या. आपल्याला एकाच काळाचा भास हवा असेल तर काळी तबकडी, पांढरे आकडे, फुगीर काच, असे ठरवून सर्व मीटर एकाच मालिकेतले घ्यावेत. मध्ये ३ ३/८ इंचांचा वेगाचा मीटर आणि दोन्ही बाजूंना २ १/१६ इंचांचे दोन-दोन छोटे, ही मांडणी त्या लंबवर्तुळात छान बसते. भोके पाडण्यापूर्वी पुठ्ठ्याच्या चकत्या चिकटवून, स्टिअरिंग हातात धरून, आपल्या नेहमीच्या जागी बसून पाहावे. चाकाच्या कड्यामागे नेमका तेलाच्या दाबाचा मीटर लपतो, हे कागदावर कधीच लक्षात येत नाही.

पॅनेलवरची गोल-गोल खवल्यांची नक्षी, म्हणजे एंजिन टर्निंग, घरी करता येते. ड्रिल प्रेसमध्ये रबरी घासकांडी धरावी, प्रत्येक ठसा आधीच्या ठशावर अर्धा चढवावा, आणि ओळ नेहमी एकाच दिशेने न्यावी. दिशा बदलली की प्रकाशात ती ओळ उठून दिसते. आधी टाकाऊ पत्र्यावर दोन संध्याकाळी घालवाव्यात. एक सावधगिरी : आपली गाडी उघडी आहे, आणि दुपारचे ऊन त्या नक्षीवरून थेट डोळ्यांत येते. बंद कूपमध्ये जी शोभा असते ती रोडस्टरमध्ये कधी कधी त्रास ठरते. मी स्वतः पॅनेल बॉडीच्याच रंगात रंगवले, मीटरभोवतीची बारीक कडी तेवढी चमकती ठेवली, आणि कडेने एकच पिनस्ट्राइप (रंगाची बारीक रेघ) ओढून घेतली.

बत्तीसचा_रोडस्टर

सर्वांचा आभारी आहे. सेंडर मोजला : रिकाम्या टाकीत ७१ ओहम, भरलेल्या टाकीत ११. म्हणजे टाकीत फोर्डचाच जुना सेंडर आहे. अर्थिंगची स्वतंत्र तार ओढल्यावर हेडलाइटबरोबर काटे हलणे थांबले. शेपटीतले चालक चक्र ८ दात्यांचे निघाले आणि चालित चक्र १८ चे. खडूच्या खुणेचे काम रविवारी करतो आणि मग नवे चक्र मागवतो. विमानातला मीटर पिशवीत बंद करून बाजूला ठेवला आहे. नक्षीचा मोह सुटत नाही, म्हणून आधी एका तुकड्यावर करून तो भर उन्हात डॅशवर टेकवून पाहणार आहे. एकच शंका उरते : टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर) पॅनेलमध्ये जागा नसल्याने स्टिअरिंग कॉलमवर पट्ट्याने बांधला तर चालेल का?

तारांचा_गुंता

चालेल, आणि त्या काळाला शोभेलही. मीटरमागची निवड ८ सिलिंडरवर असल्याची खात्री करावी. या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्याला चार स्पंद येतात, आणि निवड ४ सिलिंडरवर राहिली तर काटा दुप्पट वेग दाखवील. तार कॉइलच्या ऋण टोकावरून घ्यावी आणि कॉलम फिरता-झुकता असेल तर तिला थोडी ढील ठेवावी.