हक्कभंग पत्रकारांवर कशाला?

गंगापूररोडकर: काल इथे एकाने लिहिलं, "आमदाराला चोर म्हणणाऱ्या संपादकाला सभागृहात उभं करा, बाकीचे आपोआप सरळ होतील." वाचून झोप लागली नाही. हक्कभंग म्हणजे सभागृहाचे विशेषाधिकार मोडल्याचा ठपका, आणि शिक्षा देणारंही सभागृहच. १९६१ मध्ये 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे संपादक करंजिया यांना खासदार कृपलानींवरच्या मजकुरासाठी लोकसभेने असंच उभं करून समज दिली. तक्रारदार तेच, न्यायाधीश तेच! बदनामी झाली असेल तर आमदारानेही आपल्यासारखं इथल्या नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाची पायरी चढावी. विशेषाधिकार सभागृहात निर्भयपणे बोलता यावं म्हणून आहेत, अब्रू झाकायला नाहीत.

पंचवटीवाला: ती ओळ माझी. मागे घेत नाही. कोर्टात निकाल लागेपर्यंत दोन निवडणुका होऊन जातात. आणि पत्रकारांना सोवळं नेसवू नका. माझा मामा महापालिकेला उभा होता. एका पेपरचा माणूस ओट्यावर बसून चहा प्यायला आणि 'पॅकेज'चा, म्हणजे पैसे घेऊन बातम्या छापायचा, कागद पुढे सरकवला. मामा नाही म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव थेट 'इतर उमेदवार' मध्ये.

सिडकोची ताई: पॅकेज विकणाऱ्यावर कधी हक्कभंग आलाय का? २००३ मध्ये तमिळनाडू विधानसभेने 'द हिंदू'च्या लोकांना १५ दिवसांची कैद सुनावली ती टीका छापली म्हणून. सुप्रीम कोर्टाने अटक थांबवली म्हणून वाचले.

निफाडचा बागायतदार: पॅकेजचं मलाही सांगू द्या. व्यापारी द्राक्षाचे पैसे बुडवून पळाला. वार्ताहराला चार फोन केले. म्हणे, "दिवाळी अंकाला जाहिरात द्या, मग बघू." बाग उभी करायला काय लागतं ते त्याला काय कळणार!

पंचवटीवाला: ऐका! आणि यांना म्हणे संरक्षण द्या.

गंगापूररोडकर: अहो, विषय कुठे नेताय? २००५ मध्ये प्रश्न विचारायला पैसे घेणारे खासदार छुप्या कॅमेऱ्यात पत्रकारांनीच पकडले. ११ जणांची खासदारकी गेली. तुमच्या नियमाने आधी ते पत्रकारच आत गेले असते! राज्यघटनेचं कलम १९४ म्हणतं, विशेषाधिकार कायद्याने ठरवा. आजवर तो कायदा कोणी केला नाही, कारण मोघम ठेवणं सोयीचं आहे. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी सांगितलं तेव्हा कुठे आमदार-खासदारांनी सभागृहातल्या मतासाठी घेतलेल्या लाचेवरचं कवच गेलं.

पंचवटीवाला: आवाज चढवू नका. बरं, कैदेचं सोडलं. पण आरोप खोटा निघाला तर खुलासा पहिल्याच पानावर, तेवढ्याच टायपात हवा. सातव्या पानावर कोपऱ्यात चालणार नाही.

सिडकोची ताई: एवढं मान्य. मात्र ते वृत्तपत्रांवर नजर ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने बघावं, आमदारांनी नाही.

निफाडचा बागायतदार: आणि माझ्या व्यापाऱ्याची बातमी कोण छापणार?